कोरडा कुणगा

श्रावणात चार दिवस सलग ऊन पडलं की जामसंड्यात सगळ्यांना बरं वाटतं. कुबट वास धरलेल्या चादरी अंगणात येतात, कपाटांची दारं सताड उघडतात, शेजारची मुलं सायकली पुसायला घेतात. माझा मात्र जीव थाऱ्यावर राहत नाही. मी दिवसातून तीनदा मागल्या दारी जाऊन उभी राहते. घरामागच्या उतारावर अजून दोन-तीन कुणगे लावले जातात. कुणगा म्हणजे आमच्याकडे भाताचं खाचर, चारी बाजूंनी मातीची मेर घातलेलं. त्यात पाणी किती उरलंय ते मी बघत राहते. कुणगे माझे नाहीत, भात माझं नाही. परवा तर मी त्यांच्या मालकाला हाक मारून सांगितलं की पाणी उतरलंय हो. तो कमरेवर हात ठेवून म्हणाला, "उतरांदे गो बाय, येतला परत." निवृत्त होऊनही मला वर्षं झाली, पण तो माझ्याहून मोठा आहे, त्याला 'गो बाय' म्हणायचा हक्क आहे. आणि त्याचं बरोबरच होतं. पाणी संध्याकाळी आलं.

ऊन पडलं की चिखल तापतो आणि पाण्याखालून बुडबुडे यायला लागतात. एक येतो, मग बराच वेळ काही नाही, मग दोन-तीन एकदम. ते फुटले की कुजक्या मुळांचा आणि शेवाळाचा एक जड वास पसरतो. त्या बुडबुड्यांत बराचसा मिथेन असतो. मिथेनला स्वतःला वास नसतो, वास येतो तो त्याच्या सोबत्यांचा, हे मी पंचवीस-तीस वर्षं मुलांना शिकवलं. शिकवताना दर वेळी त्या धड्यापाशी मी अडखळायचे. पुढच्या बाकावरच्या एखाद्या हुशार मुलीच्या ते लक्षात यायचं आणि ती विचारायची, "बाई, बरं नाही का?" मी म्हणायचे, घसा बसलाय. हा घसा तसा एकाच पावसाळ्यात बसला, एकोणनव्वदच्या. तेव्हापासून त्या पावसाळ्यातलं काय खरं आणि काय खोटं हे मी जुळवत बसले आहे आणि ते अजून नीट जुळलेलं नाही.

तेव्हा आमचा जिल्हा रत्नागिरीपासून वेगळा होऊन सात-आठ वर्षं झाली होती आणि मी रसायनशास्त्रात बी.एस्सी. होऊन घरी बसले होते. वडील शाळामास्तर. त्यांच्या ओळखीतून कळलं, पुण्याच्या एका संस्थेतले साहेब भातशेतीतून निघणारा वायू मोजायला आपल्या भागात येणार आहेत आणि त्यांना चार महिने एक मदतनीस हवाय. "शेतातून वायू?" वडिलांनी मला तीनदा विचारलं, जणू मीच तो सोडत होते. साहेबांनी मला समजावलं. पाण्याखाली बुडलेल्या मातीत हवा शिरत नाही. तिथले सूक्ष्म जीव कुजकं-नासकं खातात आणि मिथेन सोडतात. तो भाताच्या देठातून वर येतो, आकाशात जातो आणि पृथ्वीची ऊब धरून ठेवतो. असंच चाललं तर जग तापत जाईल. कुणग्यातलं पाणी मध्येच काही दिवस सोडून दिलं, मातीला हवा लागू दिली, तर वायू कमी होतो का, हे त्यांना बघायचं होतं. हे सगळं त्यांनी मला आषाढातल्या मुसळधार पावसात, शेतातल्या एका गळक्या मांगराच्या, म्हणजे खोपटाच्या, वळचणीला उभं राहून सांगितलं. जग तापणार म्हणतात आणि इथे माझे दात वाजतायत, एवढंच त्यातलं मला त्या दिवशी पटलं.

माणूस चांगला होता. बारीक, उंच, कायम चष्मा पुसणारा. कोणाशीही बोलताना पुस्तकातून वाचून दाखवल्यासारखं बोलायचा. त्यांच्याशी बोलताना मीही तशीच बोलायचे, आणि दिवसभर तसं बोलून घरी गेल्यावर आईशीसुद्धा चुकून 'माका', 'तुका' ऐवजी 'मला', 'तुला' सुरू व्हायचं. आई म्हणायची, "गो, पुण्यासून कधी इलंस?"

कुणकेश्वरच्या अलीकडे आत वळणाऱ्या रस्त्यावर एक वाडी आहे. तिथे दाजी आणि सुभद्राकाकी हे नवरा-बायको राहायचे. मुलं मोठी होऊन आपापल्या कामाला लागली होती. साहेबांनी दाजींकडे प्रयोगासाठी कुठलाही एक कुणगा मागितला. कुठलाही, असं ते दोनदा म्हणाले. व्यवहारी माणसाने कडेचा, सावलीतला, खेकड्यांनी पोखरलेला एखादा दाखवला असता. दाजींनी दाखवला त्यांचा सगळ्यांत चांगला. दारात आलेल्याला कोणी फुटक्या कपातून चहा देत नाही, त्यातलाच प्रकार. पाटाचं पाणी पहिल्यांदा त्याच कुणग्यात यायचं, आणि त्यात वालय होतं.

वालय म्हणजे आमच्याकडचं जुनं तांबडं भात. उंच वाढतं, वाऱ्याने आडवं होतं, पीक कमी देतं. पण त्याच्या पेजेला जी चव असते ती दुसऱ्या कशाला नाही. वाडीतल्या बाकीच्यांनी तालुक्याहून नवं, ठेंगणं, भरघोस बियाणं आणलं होतं. दाजींनीही बाकी सगळे कुणगे त्याच भाताचे केले होते. फक्त हा एक त्यांनी वालयचा ठेवला होता. यातूनच वर्षाची पेज आणि यातूनच पुढच्या वर्षाचं बी. काकी ते पेंढ्यात घट्ट गुंडाळून, त्याची मुडी बांधून चुलीवरच्या धुरात टांगायची. भाताचं बी वर्षभरच टिकतं. एक वर्ष ते पिकलं नाही की संपलं, आणि वाडीत मागायला जावं असं दुसरं घर उरलं नव्हतं. हे मला काकीनेच पहिल्या आठवड्यात सांगितलं होतं, पेजेच्या वाटीत लोणच्याची फोड टाकता टाकता. म्हणजे मला माहीत होतं. मला माहीत नव्हतं असं मी कधी म्हणू शकणार नाही.

पेट्या ठेवायच्या आधी दाजींनी मेरेवर नारळ ठेवला आणि जागेच्या राखणदार देवाला गाऱ्हाणं घातलं. हे साहेबांनी कधी पाहिलं नव्हतं. दाजी हात जोडून, डोळे मिटून, जवळजवळ दरडावल्यासारखे बोलले, "बा देवा म्हाराजा, ही पुण्याची माणसा जमिनीचो वारो मोजूक इलीत. तेंच्या कामाक आडकाठी येव नको. माज्या कुणग्यार नजर पडू नको. आजपासून हो कुणगो तेंच्या कामाक दिलो." आम्ही म्हणालो, "व्हय म्हाराजा." साहेब सर्वांच्या मागाहून, एकटेच, स्पष्ट उच्चारात म्हणाले, "होय महाराजा."

मग दाजींनी विचारलं, "म्हणजे जमीन पादता, ता तुमी मोजतलास?"

काकीने पदर तोंडाला लावला. साहेबांनी चष्मा काढला, पुसला आणि म्हणाले, "तसंच समजा." तेवढ्या एका उत्तरावर साहेब वाडीतले झाले. नंतर ते येताना दिसले की दाजी लांबूनच विचारायचे, "काय सायब, आज कितको?"

पण पाणी सोडायचं आहे, हे दाजींना सांगायचं राहून गेलं. साहेबांना वाटलं ते पुढचं आहे, वेळ आली की सांगू. मला वाटलं ते सांगणं साहेबांचं काम. अशा गोष्टी दोन शहाण्या माणसांच्या मध्ये नेहमीच पडून राहतात.

पेटी म्हणजे पारदर्शक प्लास्टिकची, बिनबुडाची, पुरुषभर उंचीला थोडीच कमी. चिखलात आधी एक चौकट रोवून ठेवलेली. भाताच्या चार रोपांवर पेटी अलगद उतरवायची, ती चौकटीच्या खाचेत बसायची आणि खाचेतल्या पाण्याने हवाबंद व्हायची. वरच्या रबरी बुचातून काचेच्या पिचकारीने आतली हवा ओढायची. आधी एकदा, पंधरा मिनिटांनी एकदा, अर्ध्या तासाने एकदा. ती छोट्या बाटल्यांत भरायची, नंबर घालायचे, वहीत वेळ, तापमान आणि पाण्याची उंची लिहायची. चिखलात पाय टाकला तर बुडबुडे भसाभसा वर येतात आणि सगळं वाया जातं, म्हणून मेरेपासून एक फळी टाकलेली. त्या फळीवर मी सकाळी नऊला आणि दुपारी तीनला अर्धा-अर्धा तास न हलता उभी राहायचे. खालच्या कुणग्यातही, नव्या भातात, तशीच एक पेटी होती, तुलनेसाठी. जात वेगळी, उतार वेगळा, हे साहेबांना खटकायचं, पण पहिलं वर्ष आहे, चालवून घेऊ, म्हणाले. बाटल्या आंब्याच्या रिकाम्या पेटीत पेंढा घालून एस.टी.ने पुण्याला जायच्या. पेटीवर मोठ्या अक्षरात 'देवगड हापूस' लिहिलेलं. पुण्यात ती उतरवून घेणाऱ्याची पहिल्या वेळी काय निराशा झाली असेल, याचं मला अजून हसू येतं.

अर्धा तास फळीवर उभं राहणं म्हणजे काय, ते कोणाला सांगता येत नाही. हातात काही काम नाही, हलायचं नाही. पाण्यावर आकाश पडलेलं असायचं. पेटीच्या आत भाताच्या पानांवर बारीक दव जमायचं आणि पेटी आतून धूसर व्हायची. एकदा आत बेडूक अडकला होता, तो तिन्ही वेळी माझ्याकडे बघत होता. त्याचा श्वास आकड्यात धरला गेला का, हे मी साहेबांना पत्राने विचारलं होतं. त्यांनी दोन पानी उत्तर पाठवलं. मला ते समजलं नाही. पण दोन पानं लिहिली याचं बरं वाटलं होतं. मी तेवीस वर्षांची होते आणि तोपर्यंत मला कोणी दोन पानी पत्र लिहिलं नव्हतं.

श्रावणात पाऊस उघडला आणि साहेब आले. मेरेवर उभं राहून म्हणाले, "दाजी, आता या कुणग्यातलं पाणी आठ दिवस सोडून द्यायचं."

दाजींनी आधी कुणग्यातल्या पाण्याकडे पाहिलं. मग म्हणाले, "सगळा?"

"सगळं. माती मोकळी झाली पाहिजे. पिकाचं काही बिघडत नाही, उलट फुटवे चांगले येतात. आठ दिवसांनी परत भरायचं. भाद्रपदात आणखी एकदा."

काकी पलीकडे तण काढत होती. ती उभी राहिली, आमच्याकडे पाहिलं आणि परत वाकली. दाजी म्हणाले, "बरा." एवढंच. मेरेचं तोंड कुदळीने फोडलं आणि पाणी खळखळत खालच्या कुणग्यात गेलं. संध्याकाळपर्यंत चिखल उघडा पडला. मला पेजेची वाटी आठवली, धुरातली मुडी आठवली, आणि मी वहीत पहिल्यांदा 'कोरडा' असं लिहिलं.

पाचव्या दिवशी माझी साडेचारची एस.टी. चुकली. पुढची सहाला होती. थर्मामीटर फळीवर विसरल्याचं लक्षात आलं, म्हणून मी परत शेतात गेले. मेरेच्या फोडलेल्या तोंडाशी काकी गुडघ्यांवर बसली होती. गवताच्या पेंढ्या आणि चिखल घालून तोंड बुजवत होती. पाटाचं पाणी कुणग्यात घोट्याएवढं चढलंही होतं.

"काकी, ह्या काय?"

ती दचकली नाही. हातातला चिखल मेरेवर थापून झाला, मग म्हणाली, "तुमी गेल्यार बुजवतंय. सकाळी तुमी येवच्या आदी उघडतंय."

"रोज?"

"रोज. पयल्या दिसापासून."

माझ्या चार दिवसांच्या बाटल्या पुण्याच्या वाटेवर होत्या. मी म्हटलं, "मगे सायबांका तवाच नाय म्हणान सांगूचा होता."

"दारात इलेल्या माणसाक नाय कसा सांगतलंव? आणि नारळ ठेवन दिलेलो कुणगो." ती हात धुवायला वाकली. पाण्यातच बघत म्हणाली, "बियाणा इतक्याच आसा. ह्या गेला तर खंय मागूचा?"

मी काय करायला हवं होतं, याची माझ्याकडे आज पाच-सहा उत्तरं आहेत. साहेबांना पत्र टाकायचं. खालचा, नव्या भाताचा कुणगा कोरडा करा म्हणायचं. त्या माणसाने ऐकलं असतं. तो बेडकावर दोन पानं लिहिणारा माणूस होता. पण त्या वेळी मला फक्त एवढं दिसत होतं, की काकीचं बी वाचायला हवं आणि काकी-दाजींचं नाव खराब व्हायला नको, आणि माझी ती चार महिन्यांची नोकरीही राहायला हवी. या तिन्हीला पुरेल असं एकच सुचलं.

"तू तुजा कर काकी," मी म्हटलं. "मी वहीत कोरडो म्हणान लिवतंय."

काकीने मान वर केली. "खोटा लिवतलंस?"

तोपर्यंत ती मला 'तुमी' म्हणायची. त्या क्षणापासून 'तू' झाले. मला ते फार आवडलं.

"येक शब्द तर आसा," मी म्हटलं.

ती पदराला हात पुसत उठली. मला वाटलं, पटलं. सहाच्या एस.टी.पर्यंत ती माझ्याबरोबर रस्त्यावर येऊन उभी राहिली, आणि गाडी येईपर्यंत आम्ही दोघी भलत्याच कशाबद्दल तरी बोलत होतो.

पहिल्या खेपेचे आकडे गणपतीच्या सुमाराला आले. पाणी सोडण्याआधी जे होते तेच, तसूभर फरक नाही. साहेबांचं पत्र आलं, अक्षर जरा वाकडं झालेलं. 'हे मला समजत नाही. जगात दुसरीकडे कमी होतो आणि इथे होत नाही, याचं कारण आपल्या तांबड्या मातीत असेल का?' मी ते पत्र वाचलं आणि जेवले नाही. आईने विचारलं, "काय झाला गो?" मी म्हटलं, घसा बसलाय.

भाद्रपदात, गणपती गेल्यावर, परत पाऊस उघडला आणि दाजींनी दुसऱ्यांदा तोंड फोडलं. भात पोटऱ्यात आलं होतं. ऊन कडक. मी रोज सकाळी यायचे, फळीवर उभी राहायचे, वहीत 'कोरडा' लिहायचे. तिसऱ्या-चौथ्या दिवशी मला चिखलात केसाएवढ्या भेगा दिसल्या. श्रावणात त्या दिसल्या नव्हत्या, तेव्हा चिखल लोण्यासारखा होता आणि त्यावर खेकड्यांची पावलं उमटलेली असायची. माझ्या मनात काय आलं? तर, काकी मोठी हुशार, आता अगदी पहाटेच तोंड उघडत असणार. मनातल्या मनात मी तिचं कौतुक केलं. विचारलं मात्र नाही. आमच्यात एक ठरलं होतं आणि ठरलेल्या गोष्टीबद्दल सारखं विचारणं बरं दिसत नाही, असं मला वाटत होतं. काकी त्या दिवसांत जरा गप्प असायची. मला बघून हसायची, पेज द्यायची. आठव्या दिवसानंतरही पाऊस आला नाही. पाटही आटत आला होता. आता काकीला पाणी भरायला कसरत करावी लागत असेल, असं मनात येऊन मी बाटल्यांना नंबर घालायला वळले.

आश्विनात साहेब स्वतः आमच्या घरी आले. हातात कागद, चेहरा उजळलेला. चष्मा पुसायचं विसरले होते. ओटीवर बसून त्यांनी मला दुसऱ्या खेपेचे आकडे दाखवले. आकडे पार तळाला गेले होते.

"म्हणजे होतं," ते म्हणाले. "इथेही होतं. पण मग श्रावणात काय झालं? दोन्ही खरं कसं असेल? तू तिथे उभी होतीस. तुला काय वाटतं?"

मला काय वाटतं, हे शास्त्रातल्या गोष्टीबद्दल मला कोणी विचारण्याची ती पहिलीच वेळ. आणि मला तर पक्कं ठाऊक होतं, की दुसऱ्या खेपेलाही रोज संध्याकाळी त्या कुणग्यात पाणी होतं. मग हे आकडे येतीलच कसे? बाटल्यांतच काही बिघडलं असणार. आणि हा भला माणूस आता हे खोटे आकडे घेऊन जगासमोर उभा राहणार. मला वाटलं, निदान आता तरी खरेपणाच्या बाजूला जावं.

"दुसऱ्या वेळच्या बाटल्यांची बुचं सैल होती, सर," मी म्हटलं. "एस.टी.त हवा शिरली असेल."

त्यांनी कागद मांडीवर ठेवला. मग खिशातून पेन काढलं आणि त्या आठ दिवसांवर एक रेघ ओढली. "बरं झालं सांगितलंस," म्हणाले. "दुसरं कोणी बोललं नसतं." आईने केलेला चहा त्यांनी अर्धाच घेतला.

पुढच्या वर्षी ते आले नाहीत. या मातीत पाणी सोडून फारसा फरक पडत नाही, अशी नोंद करून संस्थेने दुसरीकडे काम सुरू केलं, असं मला पत्रातून कळलं. मला त्या आश्विनातच शाळेत नोकरी लागली होती. भातकापणी बघायला मी वाडीवर गेले नाही. जाईन जाईन म्हणत राहिले. काकीचं बी सुखरूप आहे, ते माझ्यामुळे आहे, आणि त्यासाठी मी एक छोटं पाप केलं आहे, असं मी स्वतःला सांगितलं होतं. पापाचं थोडं दुःख आणि पुण्याचं थोडं सुख, अशी माझी वाटणी झाली होती आणि त्यावर मी पाचेक वर्षं बरी झोपले.

आता वर्तमानपत्रं उघडली की तेच. जग तापतंय, पाऊस वेळ सोडतोय, भातशेतीतून वायू निघतोय, पाणी अधूनमधून सोडा. आमच्या शाळेत शिकून गेलेली एक मुलगी अशाच कामावर आहे. ती मला मोबाइलवर नकाशे दाखवते. त्यात आमचा भाग बघायला मला धीर होत नाही. ती विचारते, "बाई, तुमच्या वेळी काय निघालं होतं?" मी तिला बेडकाची गोष्ट सांगते.

त्या पावसाळ्यानंतर पाचेक वर्षांनी कुणकेश्वरच्या जत्रेत मला काकी भेटली. महाशिवरात्रीची गर्दी, समुद्राकडून येणारा खारट वारा, पाठीमागे माणसांची लांब रांग. काकीचे केस पांढरे झाले होते. मला बघून तिने दोन्ही हातांनी माझं तोंड धरलं. आम्ही खाज्याच्या दुकानांपासून थोड्या लांब वाळूत बसलो. दाजी बरे होते, गुडघे दुखायचे. नातवंडांची नावं सांगून झाली. मग सहज, बोलायचं म्हणून, मी विचारलं, "औंदा वालय कसा झाला?"

"वालय खंय ऱ्हवला गो," काकी म्हणाली. "तुज्या त्या सालाक गेला ता गेलाच. भरणीच्या टायमाक पाणी नाय, वयर ऊन. दाणो भरूकच नाय. नुसती फोलां. खळ्यात बसान येकेक दाणो निवडलंय, सुपात मूठभर जमलो. दुसऱ्या सालाक पेरलंय, रुजाक नाय."

तिच्या बोलण्यात राग नव्हता. एखादी म्हैस मेल्याचं पाच वर्षांनी सांगावं तसं ती सांगत होती.

"पण तू तर रोज तोंड बुजवत होतंस."

"ता पयल्या खेपेक. दुसऱ्या खेपेक नाय बुजवलंय. आठय दिस कोरडो ठेवलंय."

"कित्याक पण, काकी?"

काकी वाळू मुठीत घेऊन सोडत राहिली. "माज्या कुणग्यात उबी ऱ्हवान, माज्यासाटी, तू रोज खोटा लिवतंस. ता माका बरा दिसाक नाय. तुज्या दाजींका सांगलंय, पोरीन कोरडो लिवल्यान हा, तर मगे कोरडोच असांदे."

मी तिथेच हिशेब लावायला लागले आणि तो तेव्हापासून चालूच आहे. श्रावणात मी खोटं लिहिलं आणि साहेबांनी ते खरं धरलं. भाद्रपदात मी खरं लिहिलं, मलाच ते माहीत नव्हतं, आणि मीच ते खोडायला लावलं. बी कशाने गेलं, पाणी सोडल्याने, लांबलेल्या उन्हाने, की वालय नेमकं कधी फुलोऱ्यात येतं हे साहेबांनी काकीला विचारलं नाही आणि मीही विचारलं नाही म्हणून, हे मला सांगता येत नाही. तिने मला फक्त एकदा सांगितलं असतं, किंवा मी त्या भेगा बघून एकदा विचारलं असतं, तर काय झालं असतं, तेही कळत नाही. एवढंच कळतं, की आठ दिवस एक बाई आपल्या डोळ्यांदेखत आपलं बी सुकू देत होती, आणि मी तिच्यासमोर फळीवर उभी राहून ते मोजत होते.

काकी माझ्याकडे बघत होती. तिला काहीतरी विचारायचं होतं, आणि ते विचारायला ती पाच वर्षं थांबली असावी, असं मला तिच्या चेहऱ्यावरून वाटलं.

"मगे तुज्या सायबांका कळला मां, तेंका व्हया होता ता?"

"होय काकी," मी म्हटलं. "कळला."

"मगे बरा झाला," काकी म्हणाली, आणि पुडीतला खाजा माझ्या हातावर ठेवला.